हबीब मामूंची तीन ताटं

चहा उकळतोय तोवर सांगून टाकते, नाहीतर माझी हिंमत पुन्हा जाईल. चुका कुणाकडून होत नाहीत? कुणी भाजीत दोनदा मीठ घालतं, कुणी भलत्याच वरातीत नाचून येतं. पण सहा वर्षं राबून, सासरच्या गावात मांडव घालून, दोनशे माणसं जेवायला बोलावून चूक करणारी बाई कधी पाहिलीत? नीट बघून घ्या. ही काय, समोर बसलीय!

हसू नका हो. अजून मी काही सांगितलंच नाही.

तर मी शबाना, गणिताची बाई. इथल्याच एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी एक उसासा टाका. तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली की कोण कुठली! कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे. आणि माझी पीएच.डी. म्हणजे मारुतीचं शेपूट. मुदतवाढ, मग परत मुदतवाढ, आणि शेवटी विद्यापीठातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, ही शेवटची. या सोमवारी प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द."

विषय काय होता म्हणता? घ्या, हा कप हातात धरा. याला कान आहे. आता समजा कान तुटला आणि उरलेल्याचा नुसता चेंडू झाला, वर त्याला दोन-चार भोकं पडली. एवढं कळलं की माझी निम्मी पीएच.डी. तुम्हाला कळली.

उरलेली निम्मी अशी. दोन चल घ्यायचे, क्ष आणि य. पोरं एक्स-वाय म्हणतात, पण आमचे पाठक सर जुन्या वळणाचे, ते क्ष आणि य म्हणतात. त्यांच्या किमती संमिश्र संख्या. बहुपदी म्हणजे एक नियम, दोन संख्या आत टाकल्या की एक बाहेर येते. ज्या ज्या जोड्यांचं उत्तर एकच येतं त्या सगळ्या गोळा केल्या की एक पृष्ठभाग तयार होतो, त्याला म्हणायचं तंतू. या तंतूला कपासारखा कान नसेल तर तो परिमेय, मग भोकं कितीही असोत. असे परिमेय तंतू असलेल्या सगळ्या बहुपदींची यादी करायची. संपला विषय.

आमच्या अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप फिरवून बघितला. मग म्हणाले, "मतलब, कान टूटे सो कपां गिनते बैठी क्या तू?"

यादीला दोन अटी असतात. एकही बहुपदी सुटता कामा नये, आणि एकही दोनदा येता कामा नये. ही दुसरी अट मोठी वाईट, कारण बहुपदीला कपडे बदलता येतात. क्षच्या जागी थोडं हे, यच्या जागी थोडं ते असं रीतसर भरत गेलं, की साधी बहुपदी अशी नटते की सख्खी आई ओळखणार नाही. यादीतली सगळ्यांत साधी बहुपदी म्हणजे नुसता क्ष. त्याच्या तंतूला भोक एकच. आणि एक जुनं, पक्कं प्रमेय आहे, की कान नाही आणि भोक एकच असेल तर ती बहुपदी कितीही नटूनथटून येवो, आतून ती क्षच असते. तिला नवी म्हणायचं नाही.

हे मला माहीत नव्हतं का? दर वर्षी पोरांना सांगते मी हे!

आता माझ्या वह्या. एकूण अकरा. त्यातली पहिली घर बदलताना कुठंतरी गडप झाली. मधे दोन वर्षं लेकीच्या आजारपणात काम बंद होतं. परत बसले तेव्हा हातात दुसरी वही आली. तिच्या पहिल्या पानावर लिहिलेलं, 'मागील वहीवरून पुढे', आणि खाली एक चमत्कारिक बहुपदी. वही आडवी धरली तरी दोन ओळी भरतील एवढी. मला ती फार आवडली. तिच्यावरच काम करत राहिले. कान नाही, हे सिद्ध झालं. मग भोकं मोजायला घेतली. तंतू दूर अनंताकडं निघून जातो, आणि तो जितक्या वाटांनी जातो तितकी भोकं. मी मोजल्या. तीन वाटा. यादीतल्या तीन भोकांच्या कुठल्याच बहुपदीशी ती जुळेना!

म्हणजे नवी! जगात कुणाच्याच यादीत नसलेली!

धावत पाठक सरांकडं गेले. सर निवृत्त होऊन जमाना झाला. वय चौऱ्याहत्तर. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. त्यांची मी शेवटची विद्यार्थिनी. वही डोळ्यांपाशी नेऊन सर म्हणाले, "शबाना, हे बारीक अक्षर मला आता दिसत नाही गं. वाटा तू नीट मोजल्यास ना?"

"तीनदा मोजल्या, सर."

"मग झालं." एवढं बोलून सरांनी वही मिटली. त्यांना किती आनंद झाला होता म्हणून सांगू! स्वतः उठून आत गेले आणि माझ्यासाठी लाडू घेऊन आले. तो लाडू अजून घशात अडकलाय माझ्या.

इथपर्यंत चूक दोघांतच होती. पण आमचे हे, इक्बाल! शेंद्र्याच्या कंपनीतून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गावी, करमाडला, अब्बांना फोन लावला. अब्बा एसटीचे निवृत्त कंडक्टर. बत्तीस वर्षं नोकरी, आणि एक प्रवासी मोजायचा चुकला नाही हा त्यांचा अभिमान. पोरांच्या पोटात अन्न नसेल तर चालेल, पण बेरीज चुकलेली त्यांना चालत नाही. सून मोजणीच्या धंद्यात पडली याचं त्यांना फार कौतुक.

"सोमवार को जमा करती ना? फिर इतवार को दावत," अब्बांनी जाहीर केलं.

"अब्बा, अजून परीक्षकांकडं जायचंय प्रबंध. ते तपासतील, मग..."

"वो तपासते बैठेंगे. तू गिनी ना? बस!"

सगळ्यांना माझ्या मोजणीवर केवढा विश्वास!

शनिवारी करमाडच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर मी, अब्बा, आणि माझी ती बहुपदी. अख्खी. एक पदसुद्धा गाळायचं नाही, असं अब्बांनी छापणाऱ्याला बजावलेलं. फोटोतल्या माझ्या हनुवटीखालून ती दोन ओळींत गेलेली. येणारे-जाणारे थांबून बघत होते. अब्बांचे शेजारी रंगनाथ तात्या तिथंच उभे राहून सगळ्यांना समजावून सांगत होते.

"हे काय हाय, तात्या?"

"आपल्या सूनबाईनं काढलंय. लई अवघड हाय."

"तुमाला कळालं व्हय?"

"नाय ना! म्हनून तर म्हंतो अवघड हाय."

रविवारी दुपारी मांडव भरला. गावातल्या घराघरातलं माणूस आलेलं. नान आणि मटणाच्या रश्श्याचा खलिया, त्याच्या मोठाल्या देगा, आणि पाठक सरांसाठी तात्यांच्या घरून वेगळी पुरी-भाजी. सर धोतर-कोट घालून आले होते. एका डोळ्यानं सगळा मांडव बघत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "ही माझी विद्यार्थिनी." मी पहिल्या रांगेत बसलेली, अंगावर शाल, हातात नारळ. जन्मात एवढी खूश झाले नव्हते. कायम नोकरी दिसत होती मला समोर. पाटीवर नाव दिसत होतं, डॉक्टर शबाना!

तीन पंगती उठल्या. आणि मांडवाच्या एका कडेला वाद सुरू झाला.

वाढप्यांचे मुकादम होते रंगनाथ तात्या. यजमान म्हणून अब्बा आणि तात्या शेवटी बसायचे होते. दोघं हात धुऊन बसले, तर ताटं संपलेली.

"असं कसं?" तात्या बोटं मोजत होते. "मांडवात मानसं किती? आपल्या दोघांला धरून बरुबर दोनशे. खलिया किती ताटांचा? दोनशे. दोनशे ताटं मी सोता वाढली. मंग दोनशे मानसं जेवली. आपुन दोघं जास्तीचे कुठून आलो?"

अब्बा शांतपणे म्हणाले, "तात्या, तू ताटं मोजली. माणसं नाय मोजली."

"एकच झालं की!"

"एक कसं झालं? गाडी फाट्यावर थांबली. एक जण चहाला उतरला, पुन्हा चढला. म्हंजी तो नवा पॅसेंजर झाला का? मी तसा मोजला असता तर पयल्याच आठवड्यात घरी बसलो असतो. चेहरा बघून मोजावं लागतं."

मग अब्बांनी मांडवावरून एकच नजर फिरवली. बत्तीस वर्षांची नजर. ती जाऊन थांबली हबीब मामूंवर. इक्बालचे मामू. कोपऱ्यात दात कोरत बसलेले.

"हबीब, इधर आ. पहली पंगत में टोपी डालको कौन बैठा था?"

"मैं," मामू म्हणाले.

"दूसरी में जाकीट डालको?"

मामूंनी दात कोरायचं थांबवलं.

"और तीसरी में? काला चष्मा, गले में रुमाल?"

"भाईजान, खलिया अच्छा था," मामू एवढंच म्हणाले.

सगळा मांडव खो-खो हसला. तात्या हसून हसून खाली बसले. "म्या तीन मानसं धरली की हो! ह्यो एकच बाबा तीनदा फिरून आला!"

मीही हसत होते. हसता हसता माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

एकच बाबा. तीनदा फिरून. कपडे बदलून.

अहो, माझ्या त्या तीन वाटा! अनंतापाशी तिन्ही एकाच जागी जात होत्या. मी त्या तीन म्हणून लिहिल्या, कारण मला तीन रेषा दिसल्या. पण त्या तीन आहेत, की एकच वाट तीन वळसे घेऊन जातेय? एका वाटेवरून निघून एक फेरी मारली की मी परत त्याच वाटेवर येते, की दुसरीवर? मी हे कधी बघितलंच नव्हतं! मी ताटं मोजली होती!

सत्काराच्या कागदाच्या पाठीमागं मी तिथंच हिशेब मांडायला घेतला. शाल घसरली, नारळ गडगडत मामूंच्या पायाशी गेला. एक फेरी मारली, दुसऱ्या रेषेवर पोचले. दुसरी मारली, तिसऱ्या. तिसरी मारली आणि पुन्हा पहिलीवर. एकच. एकच होती ती वाट, बाई!

सर शेजारीच पुरी खात होते. मी त्यांच्या कानाशी वाकले. "सर... वाट एकच आहे."

"कुठली वाट?"

मी कागद दाखवला. त्यांनी तो नाकाशी धरला. बोट ठेवून एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. सरांची पुरी हातातच राहिली.

"म्हणजे भोक एक," सर हळू म्हणाले.

"हो सर."

"आणि कान नाही."

"नाही सर."

"मग हा क्ष आहे गं."

सहा वर्षं, अकरा वह्या, दोन ओळींची बहुपदी, फाट्यावरचा फ्लेक्स. आणि आत कोण? क्ष! यादीतला पहिला नंबर! जो कुणालाही शोधावा लागत नाही!

आता मला सांगा, अशा वेळी जमीन दुभंगून माणसाला पोटात घेते म्हणतात ना? करमाडची जमीन नाही घेत. मी वाट बघितली.

आणि त्याच क्षणी अब्बांनी माईक हातात घेतला. "मेरी बहू दुनिया में नै सो चीज ढूंडी! आता ती दोन शब्द बोलेल!"

उभी राहिले. मनात आलं, गप्प बसावं. उद्या सोमवार आहे. प्रबंध जमा करावा. परीक्षकांना दिसेल तेव्हा दिसेल, कदाचित दिसणारही नाही. खोटं कशाला बोलू, दोन श्वास मी हा विचार केला. मग सरांकडं बघितलं. ते माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होते. नुसते बघत होते.

मी माईक धरला. "माझी चूक झाली. ही बहुपदी नवी नाही. मी तीन मोजले, ते एकच होतं. हा साधा क्ष आहे. मी काहीही शोधलेलं नाही. मला माफ करा."

मला वाटलं, आता नारळ येतो अंगावर.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला!

"बघा, बघा!" तात्या उठून उभे राहिले, डोळ्यांत पाणी. "येवढं मोठं काम केलं, आन म्हंती कायबी नाय केलं! ह्याला म्हंत्यात मोठेपना! न्हाईतर आमची पोरं, धावी पास झाली की फटाके!"

"खरंच नाही केलं हो!" मी ओरडले.

पुन्हा टाळ्या. आणखी जोरात. अब्बांनी दुसरी शाल मागवली. कुणीतरी माझ्या पाया पडलं. खरं सांगून शरमेनं मरायची सोयसुद्धा ठेवली नाही माणसांनी! इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. दोनशे माणसांत खरं काय ते कळलेलं एकच माणूस होतं, आणि ते पुरी हातात धरून खाली बघत होतं.

सोमवारी मी प्रबंध दिला नाही. मुख्य प्रकरणच गेलं, तर द्यायचं काय? नोंदणी रद्द झाली. कायम नोकरीची मुलाखत माझ्याशिवाय पार पडली. सर म्हणाले, "पुन्हा नोंदणी करू. मी आहे ना." चौऱ्याहत्तर वर्षांचं माणूस 'मी आहे ना' म्हणतं, तेव्हा काय करायचं असतं? मी जिन्यात बसून रडले.

मग अब्बांना नीट बसवून सगळं समजावून सांगितलं. मामूंचीच उपमा दिली, त्यामुळं त्यांना लगेच कळलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"गिनती में गलती?" अब्बा म्हणाले. रागावले नाहीत हो. रागावले असते तर बरं झालं असतं. "मेरेकू बोलना था, बेटा. मैं गिन देता था."

फ्लेक्स उतरवला. तात्या तो घेऊन गेले, आता तो त्यांच्या सोयाबीनवर झाकलेला आहे. करमाडला गेले की लांबूनच माझी हनुवटी दिसते.

पण अब्बांच्या मनातून ती मोजणी जाईना. पुढच्या शुक्रवारी सकाळीच आमच्या घरी आले, चष्मा लावला आणि माझ्या वह्या पुढ्यात घेऊन बसले. "ला, मैं देखता गलती किधर से शुरू हुई." गणितातलं एक अक्षर कळत नाही, पण वह्यांवरचे नंबर तपासायला लागले.

"दो से ग्यारह. दस हैं. एक नंबर कां है?"

"हरवली अब्बा. घर बदलताना."

"हरवली म्हंजी? गाडीतून उतरताना दिसली का कुणाला?"

अब्बांनी इक्बालला माळ्यावर चढवलं. तीन खोकी उतरवली. तिसऱ्यात, लेकीच्या पाळण्याच्या दोऱ्यांखाली, वही नंबर एक निघाली. अब्बांनी धूळ झटकली, शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.

मी पहिलं पान उघडलं. माझंच अक्षर. सहा वर्षांपूर्वीचं, टपोरं, उमेदीचं. 'सराव म्हणून सगळ्यांत सोप्या क्षपासून सुरुवात करू. त्यालाच कपडे चढवत जाऊ, इतके की शेवटी ओळखता येऊ नये.'

शेजारी सरांचा लाल शाईतला शेरा, तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे चांगले होते: 'छान. पण हा क्षच आहे, हे विसरू नकोस.'

आणि त्याच्या खाली, निळ्या शाईत, दोनदा अधोरेखित, माझं उत्तर: 'विसरेन कशी, सर!'